उजवा कान

प्रवेशाच्या यादीत माझं नाव एकोणिसावं होतं आणि जागा वीस, त्यामुळे सकाळी साडेदहापर्यंत मी बऱ्यापैकी सुखी मुलगी होते. मग खिडकीतल्या बाईंनी माझी कागदपत्रं टाचणी लावून आत ओढली आणि एक हिरवा कागद बाहेर सरकवला. "ही तपासणी राहिलीय. खोली नंबर चार. दोन्ही कान. पाचच्या आत अहवाल आणा, नाहीतर खालच्या नंबरला बोलावतो आम्ही." कोणाचे कान, असं मी विचारलं. खरंच विचारलं. "तुमचे," बाई म्हणाल्या. "चार वर्षं दुसऱ्यांचे कान तपासायचे आहेत ना, मग आधी स्वतःचे." रांगेतल्या मुली हसल्या. मीही हसले. लोक हसले की आपणही हसायचं ही माझी जुनी सवय आहे. निम्म्या वेळा ते कशावर हसतायत हे मला कळलेलं नसतं. खालचा नंबर म्हणजे आकांक्षा नावाची एक मुलगी होती, एकविसावी. ती आपल्या आईबरोबर पायरीवर बसून डब्यातले पोहे खात होती आणि प्रत्येक घासाला खिडकीकडे बघत होती. तिचा मला राग आला, कारण तिला दोन्ही कानांनी नीट ऐकू येत असणार.

मला येत नाही. उजवा कान पाच वर्षांपूर्वी गेला आणि ही गोष्ट इथं अमरावतीत काय, आमच्या अकोल्यातही कुणाला माहीत नव्हती. बाबांना नाही, आईला नाही. पूर्ण गेलेला नाही. जाड आवाज येतात, ट्रक येतो, ढोल येतो, माणसाचं बोलणंही येतं, पण कापडात गुंडाळल्यासारखं. शब्द मागे राहतात आणि नुसता सूर पोचतो. सकाळी अकोल्याहून येताना बाबा बसमध्ये माझ्या उजव्या बाजूला बसले, त्यांना पाय मोकळे सोडायला मधली वाट हवी होती. मूर्तिजापूर येईपर्यंत ते बोलत होते. मी बारा-पंधरा वेळा मान हलवली, दोनदा हसले, एकदा "हो बाबा" म्हणाले. काय बोलले ते देव जाणे. चेहऱ्यावरून चांगलंच काहीतरी होतं. चेहरे मला छान वाचता येतात. कुणाबरोबर चालायचं तर त्याच्या उजव्या हाताला राहायचं, म्हणजे तो माझ्या डावीकडे येतो. वर्गात उजव्या भिंतीला लागून बसायचं. उजवीकडून कुणी हाक मारली आणि मी पाहिलं नाही, तर ती मुलगी पुढे आठ दिवस माझ्याशी बोलत नसे. हर्षाला माज आलाय, हर्षा शिष्ट आहे, एवढंच नाव मला बारावीपर्यंत पडलं. मला ते चालत होतं. शिष्ट माणसाला कुणी दया दाखवत नाही.

बाबा कॉरिडॉरमधल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. जठारपेठेत आमचं भाजीचं दुकान आहे आणि अकोटच्या अलीकडे चार एकर मळा. बाबांचा आवाज मोठा. दुकानात ते भेंडी म्हणाले की चार दुकानं पलीकडचं गिऱ्हाईक वळून बघतं. त्याच आवाजात त्यांनी इथंही विचारलं, "काय म्हनते बाई?" मी हिरवा कागद दाखवला. "मंग दे न तपासून. तुह्या कानाले काय झालं?" काही नाही, मी म्हणाले. शेजारच्या माणसाला ते सांगू लागले की पोरगी कानाची डॉक्टरीण होऊन राहिली. डॉक्टरीण नव्हे, वाचा आणि श्रवण यांची पदवी, बोलता न येणाऱ्यांना बोलतं करायचं आणि ऐकू न येणाऱ्यांचं मोजमाप घ्यायचं, हे मी त्यांना वीस वेळा सांगितलं होतं. मुलाखतीत मी सेवेबद्दल बोलले. सगळ्याच बोलल्या. खरं कारण एवढंच होतं की अकरावीत मोबाईलवर या अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक बघताना कानाचा एक आलेख दिसला, डावीकडून सरळ येणारी आणि मग एकदम खड्ड्यात पडणारी रेघ, आणि मला वाटलं की हे माझं आहे, याचं काहीतरी नाव आहे, ते मला शिकायचंय. त्यानंतर दीड वर्ष मी दुसरं काही मनातच आणलं नाही. आणि आता तीच रेघ मला बाहेर काढणार होती.

खोली चारमध्ये माझा नंबर लागायला तीन वाजले. आत रागिणी मॅडम होत्या. बारीक, तिशीच्या, केस घट्ट बांधलेले. मुलाखतीलाही त्या कोपऱ्यात बसून होत्या, एकही प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी विचारलं, "कोणत्या कानानं जास्त चांगलं येतं?" मी म्हणाले, दोन्ही सारखेच. त्यांनी लिहून घेतलं. खोलीच्या आत आणखी एक छोटी खोली होती, कोठीएवढी, भिंतींना मऊ भोकाभोकांचं अस्तर, दार फ्रिजसारखं जाड. खुर्ची थोडी तिरकी ठेवलेली आणि बाजूला काचेची खिडकी, तिच्या पलीकडे मॅडमचं यंत्र. डोक्यावर त्यांनी हेडफोन बसवला, निळी बाजू डावीकडे, लाल उजवीकडे, हातात एक बटण दिलं. "कितीही बारीक आवाज आला तरी दाबायचं. आला असं वाटलं तरी दाब." मग दार लागलं. दार लागलं म्हणजे काय झालं ते सांगता येत नाही. कॉलेज, रस्ता, पंखा, बाबा, सगळं एका क्षणात संपलं आणि माझ्या छातीतला ठोका मला ऐकू येऊ लागला. आणि त्याच्यावर, उजवीकडे, ती शिट्टी.

शिट्टी माझ्याबरोबर पाच वर्षं आहे. बाहेरच्या गलक्यात ती बुडून जाते. घरात तर टीव्हीच इतका मोठा असतो की तिला जागाच नसते. पण त्या कोठीत तिला कुणी प्रतिस्पर्धी नव्हता. डावा कान झकास झाला. टूं टूं टूं, अगदी केसाएवढा आवाजही मी पकडला, आणि काचेतून मॅडमनी मान हलवली तेव्हा मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद झाला. मग त्यांनी लाल बाजू सुरू केली. पहिले दोन-तीन जाड आवाज मला मिळाले. त्यानंतर काहीच येईना. नुसती शिट्टी. शिट्टीत मधूनच जरा उठाव येतो असं वाटायचं आणि मी दाबायची, पण तो उठाव यंत्राचा की माझा, हे मला कळेना. आला असं वाटलं तरी दाब, असं त्यांनीच सांगितलं होतं. मी दाबत गेले. तळहाताला घाम सुटला, बटण निसटायला लागलं. आणि तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून मला मॅडमचं कोपर दिसलं. त्या आवाज सोडायच्या तेव्हा कोपर जरासं खाली जायचं, आवाज थांबला की वर यायचं. मी मान वळवली नाही. समोरच्या अस्तरातली भोकं मोजत असल्यासारखा चेहरा केला आणि कोपर खाली गेलं की बटण दाबलं. खाली, दाब. खाली, दाब. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

शिट्टी सुरू झाली ती सातवीतल्या सुट्टीत. वांगी लागलेली, तूर फुलावर, आणि मेळघाटाकडून वानरांची टोळी उतरलेली. वानरं वांगं खात नाहीत पूर्ण, एक चावा घेतात आणि फेकतात, याचाच बाबांना जास्त संताप यायचा. त्यांनी पाइपाची बंदूक केली होती, अख्ख्या शिवारात तेव्हा सगळेच करत होते. प्लास्टिकचा जाड पाइप, मागच्या भागात कार्बाइडचा खडा, त्यावर पाण्याचे चार थेंब, झाकण घट्ट लावायचं, वायू तयार झाला की गॅस पेटवायचा लायटर दाबायचा. गोळीबिळी काही नाही, फक्त आवाज. वायू तयार झाला की नाही हे दिसत नाही. त्यासाठी बाबांची एक पद्धत होती. "पाइपाले कान लाव," ते म्हणाले. "आतमधी सूं सूं करते. थे आयकू आलं का मंग तोंड बाजूले घे अन् दाब." त्यांनी स्वतः लावून दाखवला, उजवा कान, डोळे मिटून, अगदी प्रेमानं. मग बंदूक माझ्या खांद्यावर दिली. मी कान लावला. आत खरंच सूं सूं करत होतं, मोठं गोड वाटलं मला ते. आणि मी तोंड बाजूला घ्यायच्या आधीच माझ्या अंगठ्यानं लायटर दाबला.

वानरं पळाली. सगळीच्या सगळी, शेताच्या धुऱ्यावरच्या निंबावरून उड्या टाकत. बाबा टाळ्या वाजवत होते, तोंड उघडं, हसत होते, आणि मला त्यांचं हसणं फक्त दिसत होतं. त्यांनी मला उचलून घेतलं. बारा वर्षांच्या मुलीला कुणी उचलत नाही, पण त्यांनी उचललं, आणि त्या वेळी मी जर रडले असते तर सगळं वेगळं झालं असतं. मी रडले नाही. तो दिवस मला खराब करायचा नव्हता. दोन दिवसांनी आईला फक्त म्हणाले, कानात शिट्टी वाजते. आईनं लसूण टाकून तेल कोमट केलं आणि ओतलं, आठ दिवस ओतलं. नवव्या दिवशी मी सांगितलं की थांबली. आईला बरं वाटलं. बंदूक कोपऱ्यात तशीच उभी असायची आणि बाबा रोज सकाळ-संध्याकाळ वाजवायचे. त्यानंतर मला त्यांनी ती कधी दिली नाही, कारण मी मागितली नाही.

कोपर खाली, दाब. वर. खाली, दाब. मग मॅडमनी यंत्रावरचा हात काढला, पेन ठेवलं आणि दार उघडलं. बाहेरचे आवाज अंगावर आले. त्यांनी माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढला आणि समोरच्या स्टुलावर बसल्या. रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"शेवटच्या सात वेळा मी नुसता हात हलवला," त्या म्हणाल्या. "आवाज सोडलाच नाही. तू सातही वेळा दाबलंस."

मी म्हणाले, मला ऐकू आला. त्या म्हणाल्या, "काय ऐकू आलं?" आणि मी म्हणाले, शिट्टी. हे मी ठरवून म्हटलं नव्हतं. शिट्टी हा शब्द मी पाच वर्षांत पहिल्यांदा तोंडातून काढला आणि लगेच रडायला लागले, तेही असं भसाभसा की स्वतःची लाज वाटावी. मॅडमनी रडू दिलं. मग हातातला आलेखाचा कागद फाडला. "हा गेला. 'उत्तरं विश्वासार्ह नाहीत' एवढं यावर लिहिलं असतं तरी तुझी जागा संपली होती. आता तोंड भिंतीकडे करून बस आणि खरं दाब." मी भिंतीकडे तोंड करून बसले. या वेळी डाव्या कानात त्यांनी खरखर सोडली, म्हणजे डाव्यानं उजव्याला चोरून मदत करू नये. मी बटण मांडीवर धरलं आणि वाट पाहिली. खूप वाट पाहिली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब पंधरा मिनिटं असतील ती. आणि खरं सांगायचं तर त्यात एक विसावाही होता.

रेघ तशीच निघाली, अकरावीत पाहिली होती तशी. सरळ, सरळ आणि मग खड्डा. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मॅडम म्हणाल्या, एक कान चांगला असेल तर इथं घेतात, शेरा मारून. पण उजवा का गेला ते लिहावं लागतं. हळूहळू वाढणारा आजार असेल तर उद्या डावाही जाईल, तसं असेल तर समिती नाही म्हणते. एकदाच झालेला अपघात असेल तर काही अडचण नाही. "काय झालं होतं?" त्यांनी विचारलं. मी बंदुकीचं सांगितलं. कान लावल्याचं सांगितलं. त्यांनी लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. "अठरा पूर्ण नाहीत ना? मग इथं वडलांची सही. बोलव त्यांना." कागदावर कारण या शब्दापुढे निळ्या शाईत दोन ओळी होत्या. त्या दोन ओळी बाबांनी वाचायच्या होत्या. सकाळपासून मी घाबरले होते ते प्रवेश जाईल म्हणून नाही, हे मला तेव्हा कळलं.

बाबा आत आले, चपला बाहेर काढून. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, काका म्हणाल्या, आलेख समोर धरून शांतपणे सगळं सांगितलं. बाबा ऐकताना मॅडमच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. "आपली बंदूक?" मी मान हलवली. "कधी?" सातवीत, मी म्हणाले, वानरं आली होती तेव्हा. "अन् तू आता सांगून राहिली." त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरून वाचला, ओठ हलवत. परत वाचला. मला वाटलं ते रडतील किंवा मला मारतील, आणि दोन्हींची माझी तयारी होती. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि पेन त्याच्यावर आडवं ठेवलं.

"हे असं नाई होत, म्याडम," ते म्हणाले. "मी आठ वर्षं झाले थे बंदूक वाजवून राहिलो. दिवसातून चार खेपा. तसाच कान लावतो, तसाच दाबतो. मले तं काई नाई झालं. मंग एकाच आवाजानं पोरीचा कान कसा जाईन?"

"तुमचा कधी तपासलाय?"

"काय तपासाचं? तुमचं आयकून राहिलो न मी आता." त्यांचा आवाज बाहेर कॉरिडॉरपर्यंत जात असणार. "बापानं पोरीचा कान फोडला, असं तुमी लिवता, अन् खाली बापाचीच सही. मी खऱ्यावर सही करतो. याच्यावर काहून करू?"

"बाबा, पाच वाजतात," मी म्हणाले. "सही करा. जागा जाईल."

"जाऊ दे जागा," ते म्हणाले, आणि मग स्वतःच दचकले, कारण गेले तीन महिने ते जठारपेठेत येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या जागेबद्दलच सांगत होते. त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मले बसवा तठी," कोठीकडे बोट दाखवून ते म्हणाले. "माही घ्या परीक्षा. मले आयकू आलं तं बंदुकीनं होत नाई. मंग दुसरं काय थे शोधा तुमी. नाई आलं तं करतो सही."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. मग उठल्या. बाबांना खुर्चीवर बसवलं, हेडफोन लावला, बटण दिलं, दार लावलं. मला त्यांनी आपल्या शेजारी उभं केलं, यंत्रापाशी. यंत्रावर दोन बारीक दिवे होते. आवाज सोडला की हिरवा लागतो, माणसानं बटण दाबलं की पिवळा, असं त्यांनी मला हलक्या आवाजात सांगितलं, डाव्या बाजूनं. काचेपलीकडे बाबा फोटो काढायला बसल्यासारखे ताठ बसले होते. गुडघे जुळवलेले. बटण दोन्ही हातांनी धरलेलं. मॅडमनी लाल बाजू घेतली, बारीक आवाजापासून सुरुवात केली, आणि मी देवाला म्हणाले, ऐकू येऊ देऊ नकोस. असं मी म्हणाले. माझा जन्मदाता बाप आत बसला होता आणि मी मनात हात जोडून सांगत होते की याला ऐकू येऊ देऊ नकोस, एक सही पाहिजे, पाच वाजत आलेत.

हिरवा दिवा लागला. विझला. परत लागला, विझला. मॅडमचं बोट आवाजाचा आकडा वाढवत होतं, तीस, चाळीस, पन्नास. पिवळा दिवा लागत नव्हता. मग मॅडमनी निळी बाजू घेतली, आणि मी चटकन म्हणाले, "ती नको," पण त्यांनी ऐकलं नाही. तीस. चाळीस. पन्नास. पिवळा दिवा तिथंही लागेना. देवाला मी आता उलट सांगू लागले, एकदा तरी, एकदा दाबू दे त्यांना. बाबांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या, बघ कसा बसलोय म्हणून. ते खुशीत होते. अजून जरा वाट पाहून ते काचेकडे वाकले, आणि यंत्रातल्या छोट्या स्पीकरमधून त्यांचा आवाज आमच्यापर्यंत आला, हळू, अदबीनं, जसं ते मोठ्या साहेबाशी बोलतात तसं.

"म्याडम, मी तयार हाव. करा न चालू."

हिरवा दिवा लागलेलाच होता.